कानातला वाटाणा

मेक्सिको शहर, ३ सप्टेंबर २०१८

कोमाद्रे लेओकादिया,

बक्षिसाचं चांदीचं गलबत चांदीचं नाही. गेल्या महिन्यात कपाट सरकवताना ते खाली पडलं, डोलकाठी मोडली, म्हणून पोर्तालेसच्या बाजारातल्या सोनाराकडे घेऊन गेलो. त्याने नखाने खरवडून पाहिलं आणि म्हणाला, "मालक, वर मुलामा आहे, आत शिसं. डाग द्यायचे पैसे घेईन, पण वस्तूची किंमत मला विचारू नका."

म्हणून घरी येऊन किंमत मीच काढली. 'चौथी खुर्ची' या सिनेमात माझी दात्सुन गाडी गेली. आईने पहाटे मक्याची पेज विकून घेतलेला जमिनीचा तुकडा गेला. अम्पारो ग्वादालाहाराला माहेरी गेली ती तिथेच राहिली. आणि तुम्ही गेलात. पहिल्या दोन गोष्टी मी खर्चात धरल्या होत्या, पुढच्या दोन धरल्या नव्हत्या. एवढ्या किमतीला शिशाचं एक गलबत आलं. महाग पडलं असं म्हणणार नाही, पण घासाघीस करायला हवी होती.

पत्र लिहायला कारण आहे. एका चित्रपट-संग्रहालयाने आपला सिनेमा नव्याने स्वच्छ करायला घेतलाय. चित्र धुऊन झालं, आता आवाज धुतायत. आवाजाचं काम कुणाकडे आहे ते तुम्हाला ठाऊकच असेल, कारण ती तुम्हाला फोन करते आणि मला सांगत नाही. तुमची धर्मकन्या, माझी मुलगी. फाबिओलाच्या बाप्तिस्म्याला तुम्ही तिला हातावर धरलंत म्हणून तर आपण कोंपाद्रे आणि कोमाद्रे झालो. भांडणाने ते नातं सुटत नाही, पाद्रीला विचारा.

नऊ नोव्हेंबरला खेळ आहे. त्यानंतर माझा सत्कार. संग्रहालयाची इच्छा अशी की तुम्ही ओरिसाबा शहरातून यावं आणि मंचावर माझ्या शेजारी बसावं. माझीही तीच इच्छा आहे. ती त्यांच्या इच्छेच्या आधीची आहे, एवढं लिहून ठेवतो.

त्यांचा एक तरुण भित्तिपत्रकाचा मजकूर दाखवायला घरी आला होता. दाढी राखलेला, नम्र. मजकूर असा: 'ज्याने आपल्या नटांच्या कानातला वाटाणा काढला, तो दिग्दर्शक.' मग हळूच विचारतो, "म्हणजे नेमकं काय काढलंत, माएस्त्रो?" त्याला सांगावं लागलं. म्हटलं, बाळा, तुझी आजी ज्या मालिका बघून रडायची त्यात कुणालाही एक वाक्य पाठ नसायचं. रोजची एवढी पानं कोण पाठ करणार? आडोशाला प्रॉम्प्टर बसायचा आणि माइकमध्ये वाक्य वाचायचा. नटाच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र असायचं. ऐकलं की बोलायचं. प्रॉम्प्टर शिंकला तर नायिका दचकायची. तो हसला नाही. लिहून घेतलं.

'चौथी खुर्ची'त कुणाच्याही कानात काही नव्हतं, हे मी तेव्हा प्रत्येक मुलाखतीत सांगितलं. तुमच्या केसांखाली काय होतं ते फक्त तिघांना माहीत होतं: तुम्ही, मी आणि आपला प्रॉम्प्टर कासिमिरो. कासिमिरो चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हा आता ते भित्तिपत्रक खरं आहे असं समजायला हरकत नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर माणसं हल्ली पुटपुटतात. पूर्वी शब्द पुरा उच्चारत. माझ्या कानांची काळजी करू नका. सुपकान्या म्हणायचात मला. कान अजून सुपाएवढेच आहेत आणि पूर्वीइतकेच तिखट. भरल्या थिएटरात तुम्ही शेवटच्या रांगेत बसून श्वास घेतलात तरी मी मागे न वळता सांगेन की लेओकादिया आली.

बाकी आमची गल्ली बदलली. रताळ्यांच्या गाडीची ती शिट्टी आठवते, संध्याकाळी वाफ सोडत यायची आणि चित्रीकरण थांबवावं लागायचं? तो गाडीवाला हल्ली येत नाही. धंदा सोडला असेल. मला रताळी आवडायची.

तुमचा कोंपाद्रे,
एव्हारिस्तो


१९ सप्टेंबर

कोमाद्रे,

माझ्या पत्राला उत्तर मुलीच्या हाती आलं. फाबिओला ओरिसाबाहून परतली ती कॉफीची पिशवी घेऊन.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"आधी म्हणाली, तू वाळलीस. मग म्हणाली, तुझा बाप अजून एकटाच बोलतो का."

"आणि तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आता तर जास्तच. दुसऱ्याला बोलूच देत नाही. आणि कॉफी माझ्यासाठी आहे, तुला द्यायची नाही असं तिने दोनदा सांगितलंय."

मी एक कप घेतला. भाजणी गडद आहे, छान आहे.

माझ्याच पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही लिहिलंत: 'ते थांबणं माझं होतं. तो शब्दही माझा होता. हे लोकांसमोर म्हणा, मी येते.' एवढंच. सव्वीस वर्षांनी तीन वाक्यं. तुम्हाला वाक्यं कापायची सवय जुनीच.

आता सौदा काय आहे ते मी एकदा मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे कळेल. स्वयंपाकघर. मुलगा उत्तरेकडून, सीमेपलीकडून, कित्येक वर्षांनी घरी आलाय. टेबलाला चार खुर्च्या, एक रिकामी. तो विचारतो, पपा कुठेत? माझ्या पटकथेत आईचं वाक्य आहे: 'तुझे वडील गेले. मार्चमध्ये.' तुम्ही बोलत नाही. बोलतच नाही. तव्यावरची तोर्तिया उलटता, फडक्यात धरून त्याच्या ताटात ठेवता, आणि मग म्हणता, 'मार्चमध्ये.' बस. त्या थांबण्यावर आणि त्या एका शब्दावर स्पेनच्या त्या किनाऱ्यावरच्या महोत्सवातल्या परीक्षकांनी मला गलबत दिलं. प्रशस्तिपत्रात लिहिलं होतं, 'स्वतःचंच वाक्य कापण्याचं दिग्दर्शकाचं धैर्य.' ते चौकटीत लावलंय.

तर मी असं सुचवतो. मंचावर मी म्हणेन, ते थांबणं आम्हा दोघांचं होतं. 'दोघांचं' या शब्दात तुम्हीही येता, मीही येतो, चौकट भिंतीवर राहते आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. विचार करा.

तुम्ही फाबिओलाजवळ आणखी एक निरोप दिलात: त्याला विचार, त्याला खुर्चीवर कुणी बसवलं. विसरलेलो नाही. मी न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना कुस्तीच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचो. कासिमिरोने दाढी करून घेताना ऐकलं आणि मला स्टुडिओत नेलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, "वाचून दाखवू नकोस, सुपकान्या. तू वाचलंस तर बाई वाचल्यासारखी बोलेल. हळूच सरकव. तिला वाटलं पाहिजे की आपल्यालाच सुचलं." मी सरकवायला शिकलो. तुमच्या कानात तर वर्षानुवर्षं सरकवलं. 'परक्या घरची' मालिकेत तुम्ही रडलात ते माझ्या आवाजावर रडलात.

मग एके दिवशी दिग्दर्शक सेटवर आलाच नाही. कुठल्या तरी लग्नात तिसरा दिवस पीत बसला होता. निर्माता डोक्याला हात लावून बसलेला. तुम्ही मेकअपच्या खुर्चीतून म्हणालात, "त्या सुपकान्याला बसवा. त्याला सगळ्यांची वाक्यं येतात, आणि तो प्यायला जातो तेव्हा परत येतो." मी बसलो. उठलोच नाही. त्यानंतरच्या मालिका, भिंतभर बक्षिसांच्या बाहुल्या, गलबत, आणि परवा परवा त्या परदेशी कंपनीने घेतलेली आठ भागांची मालिका, सगळं त्या खुर्चीतून. हे मी मंचावर सांगणारच आहे. तुम्ही असलात तर जास्त रंगवून सांगेन.

आज भूकंपाच्या सरावाचा दिवस. मी खिडकीशी बसून हेच पत्र लिहीत होतो. बघतो तर सगळी गल्ली खाली उभी: समोरच्या दोन्या पुराबाई, केसांना रंग लावलेल्या अवस्थेत, पोळीभट्टीची पोरं, कुत्री. मला वाटलं कुणाची तरी वरात आली. मग कळलं, सराव होऊन गेला. आमच्या कोपऱ्यावरचा भोंगा वाजलाच नाही. खरा भूकंप झाला असता तर आमचं काय झालं असतं कोण जाणे.

एव्हारिस्तो


७ ऑक्टोबर

कोमाद्रे,

'दोघांचं' तुम्हाला चालत नाही. फाबिओलाने तुमचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं: "त्याला सांग, मी तिथे होते, तो कॅमेऱ्याजवळ होता. दोघांमध्ये एक टेबल होतं." ठीक आहे. मीही माझी बाजू एकदा पुरती लिहून काढतो. एवढ्या वर्षांत ती मी तुम्हाला धड सांगितलेली नाही, फक्त फेकून मारली.

त्या संध्याकाळी उजेड जात आला होता आणि कच्ची फिल्मही संपत आली होती. कासिमिरो कोठीच्या खोलीत घेवड्याच्या पोत्यांमागे मांडीवर यंत्र घेऊन बसलेला. बाहेरच्या कामगारांना वाटायचं, तो सामानावर लक्ष ठेवतो. मुलाचा प्रश्न झाला. तुम्ही गप्प. कॅमेरामनने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, चालू ठेव. धैर्य वगैरे काही नव्हतं. मध्ये तोडलं असतं तर फिल्म वाया गेली असती आणि न तोडल्यास निदान शेवटचं वाक्य तरी मिळालं असतं. मग तोर्तिया. मग 'मार्चमध्ये'.

कट म्हटलं आणि कोठीत गेलो.

"काय झालं?"

"तीनदा वाचलं रे," कासिमिरो म्हणाला. घामाने भिजला होता. "तीनदा. जातच नव्हतं तिच्यापर्यंत. बॅटरी असणार. शेवटचा शब्द तेवढा पोचला वाटतं." आणि कलिंगड पारखावं तशा त्याने यंत्राला दोन थापा मारल्या.

तो खोटं बोलत नव्हता. आपल्या धंद्यात नटी गप्प झाली की सगळे आधी बॅटरी बघतात. तुम्हीही तेच केलं असतंत. बॅटरी मरते, नटी थांबते. बॅटरी एक क्षण जिवंत होते, शेवटचा शब्द कानात पडतो, नटी तोच बोलते. थांबणंही समजलं, एकच शब्दही समजला. माझ्या हिशोबात काही उरलं नाही. उजेड गेला, दुसरा टेक झाला नाही. पुढे संकलनाच्या टेबलावर पाहिलं तर तो तुकडा सगळ्या सिनेमाचा कणा झाला होता. मी तो ठेवला. ठेवणं हेही कामच असतं, हे तुम्ही मान्य कराल.

मग गलबत आलं, आणि त्यानंतरचं ते जेवण. फाबिओलाच्या पंधराव्या वाढदिवसाला तीन आठवडे होते. रिवाजाप्रमाणे धर्ममाता म्हणून तुम्ही तिच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा होता. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात मोलेचा रस्सा ढवळत होतात, कासिमिरो ताटल्या पुसत होता, पाहुणे बाहेर. तुम्ही सहज म्हणालात, "त्या दिवशी मला वाटलं, ही बाई एवढं मोठं वाक्य बोलणारच नाही."

मी दोन पेले टकीला घेतलेली होती. म्हणालो, "कोमाद्रे, आपल्या आपल्यात तरी राहू दे. बॅटरी गेली होती. परीक्षकांना जे दिसलं ते माझं संकलन आणि एक मेलेली बॅटरी. तुमच्या जागी बहिरं खेचर बसवलं असतं तरी मला गलबत मिळालं असतं."

तुम्ही डाव हातात धरून विचारलंत, "तुला खरंच असं वाटतं?" मला 'तू' म्हणालात. पहिल्यांदाच.

"वाटायचं काय त्यात? मी कानांवर जगलोय. मला बॅटरी कळते. विचारा याला."

कासिमिरोने ताटलीकडे बघत सांगितलं, "बॅटरीच होती, दोन्या."

तुम्ही डाव ठेवलात. शाल घेतलीत. मोले खाली लागलं, त्याचा वास दोन दिवस जात नव्हता. मुकुट ड्रायव्हरच्या हाती आला. फाबिओलाच्या डोक्यावर तो अम्पारोच्या बहिणीने ठेवला, वाकडा. फोटो आहेत.

हे सगळं लिहून काढल्यावर एक गोष्ट दिसते, ती नोंदवून ठेवतो. पत्रकारांना मी सांगायचो, ते थांबणं मी बसवलं. स्वयंपाकघरात म्हणालो, बॅटरी. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, आणि दोन्हीत तुम्ही नाही. तरी बॅटरीबद्दलचं माझं मत कायम आहे. जे कानाने ऐकलं नाही ते मी मंचावरून सांगणार नाही. एवढा एकच नियम मी आयुष्यभर पाळलाय.

तुम्ही आला नाहीत तर शेजारची खुर्ची काढून टाकायला सांगेन. रिकामी ठेवली तर लोक म्हणतील, सिनेमाच्या नावासाठी केलं.

एव्हारिस्तो


२८ ऑक्टोबर

कोमाद्रे,

परवा फाबिओलाने संग्रहालयात बोलावून घेतलं. फोनवर काही सांगितलं नाही. शेजारच्या पोराकडून चिठ्ठी पाठवली, 'पपा, आज ये, स्वच्छ शर्ट घाल.' मला वाटलं मंत्री वगैरे आलेत.

तळघरातली खोली. भिंतींना गाद्या. ती, तो दाढीवाला तरुण आणि आणखी दोघं यंत्रांपुढे बसलेले. पडद्यावर तुम्ही, तव्यापुढे उभ्या. चित्र इतकं स्वच्छ झालंय की तुमच्या कपाळावरचा पिठाचा ठिपका दिसतो. तो मी तेव्हा पाहिला नव्हता.

फाबिओला म्हणाली, "मूळ आवाजाची फीत सापडली. माइक कुठे लावला होता तिला, आठवतं?"

"शालीच्या काठात शिवला होता. मानेशी."

"डाव्या बाजूला?"

"डाव्या."

"आणि वाटाणा?"

मी दाढीवाल्याकडे पाहिलं. भित्तिपत्रक छापून झालेलं आहे. म्हटलं, "कसला वाटाणा?"

"पपा," ती म्हणाली, "या खोलीत सगळ्यांनी ऐकून झालंय. तू शेवटचा आहेस."

तिने समजावून सांगितलं. तव्याचा चरचराट, बाहेरची कोंबडी, कॅमेऱ्याची घरघर, सगळं एकेक करून बाजूला काढलं. तुम्ही गप्प असता तिथे खाली काहीच उरायला नको होतं. पण उरलं. माइक मानेशी, वाटाणा कानात, मध्ये वीतभर अंतर. वाटाण्यातून बाहेर झिरपलेला आवाज फितीवर आला होता. इतकी वर्षं तो कोंबड्यांखाली दबून होता.

"लावते," ती म्हणाली.

लावलं. पडद्यावर तुम्ही उभ्या. पोरांचे चेहरे मी पाहत होतो. दाढीवाला मान खाली घालून बसला, चर्चमध्ये बसतात तसा. फाबिओलाने ओठांवर हात ठेवला. ती कासिमिरोच्या मांडीवर वाढलेली.

'तुझे वडील गेले. मार्चमध्ये.' कासिमिरो. पूर्ण वाक्य, एकही शब्द न गळता. तुम्ही गप्प. 'तुझे वडील गेले. मार्चमध्ये.' तुम्ही तोर्तिया उलटता. तिसऱ्यांदा. तुम्ही ती ताटात ठेवता. मग तो थांबतो, कोठीत, यंत्राला थापा मारत असणार. आणि त्याच्या थांबण्यात, कानात कुणी काही सांगत नसताना, तुम्ही म्हणता, 'मार्चमध्ये.'

म्हणजे वाक्य पोचत होतं. तीनदा पोचलं. त्यातलं किती घ्यायचं ते तुम्ही ठरवलंत.

मग त्या तरुणाने विचारलं, "माएस्त्रो, हा आवाज पुसता येतो. सहज पुसता येतो. पुसू?"

त्याच्या प्रश्नाचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळत होता. पुसलं तर भित्तिपत्रक खरं राहतं, चौकट भिंतीवर राहते, आणि तुमचा शब्द माझ्या शब्दाविरुद्ध पूर्वीसारखाच पडून राहतो. ठेवलं तर भरलेल्या थिएटरात कासिमिरो बोलणार, आणि ज्या माणसाने नटांच्या कानातला वाटाणा काढला त्याच्या सिनेमात वाटाणा वाजणार.

मी म्हटलं, सांगतो. फाबिओलाने माझ्याकडे असं पाहिलं की तिच्यात मला तुम्ही दिसलात. हा बाप्तिस्म्याचा परिणाम असावा.

मृतांचा दिवस जवळ आलाय. घरी वेदी मांडली. झेंडूची फुलं, कासिमिरोचा फोटो, त्याची लाडकी साखरी पोळी, मेस्कालचा पेला. दरवर्षी मांडतो, तो येत नाही. यंदा तारखेआधीच आला.

एव्हारिस्तो


४ नोव्हेंबर

कोमाद्रे,

मला वाटलं होतं तुम्ही विचाराल, पुसणार की ठेवणार. ते विचारलं नाहीत. माझ्या पत्रामागे एवढंच लिहून पाठवलंत: 'कासिमिरोचा आवाज कसा होता हो? दम लागलेला होता का? तिसऱ्यांदा वाचताना तो चिडला होता असं मला नेहमी वाटायचं. इतकी वर्षं कुणाला विचारता आलं नाही. तुम्ही ऐकलात, तुम्ही सांगा.'

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. आधी काहीतरी लिहिलं होतं, चांगलं जमलं होतं, दम वगैरे सगळं घातलं होतं. फाडलं.

फाबिओलाला विचारलं. ती म्हणते, पहिल्यांदा तो नेहमीसारखा आहे, सरकवणारा. दुसऱ्यांदा घाईत. तिसऱ्यांदा चिडलेला नाही, घाबरलेला आहे, 'मार्च'चा च घशात अडकतो. दम लागलेला ऐकू येतो. वाक्य संपल्यावर तो पुटपुटतो, 'बोल ना, बाई.' हे मी गेल्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. हे सगळं मी तिच्या शब्दावर लिहितोय, गेल्या पत्रातलंही तसंच होतं. दाढीवाल्याला विचारलं, त्यानेही तेच सांगितलं.

तर असं ठरवलंय. आवाज पुसायचा नाही. भित्तिपत्रकातलं ते वाक्य काढायला सांगितलं. तरुण म्हणाला, छापून झालंय, खर्च येईल. म्हटलं, मग पट्टी चिकटवा. मंचावर मी सांगेन की वाटाणा होता, कासिमिरो कोठीत होता, थांबणं लेओकादियाचं आणि शब्द लेओकादियाचा. परीक्षकांचं प्रशस्तिपत्र चौकटीतून काढून फाबिओलाकडे दिलंय, पुढच्या वेळी ओरिसाबाला आणेल. चौकट मी ठेवली, चांगल्या लाकडाची आहे.

नियम मोडतोय, हे मला माहीत आहे. जे कानाने ऐकलं नाही ते मंचावरून सांगणार नाही, असं मागे लिहिलं होतं.

खुर्ची काढलेली नाही. तुमची जागा माझ्या डाव्या बाजूला सांगितली आहे. काही बोलायचं झालं तर तिकडूनच बोला, जवळून, आणि ओठ माझ्याकडे करून. उजव्या बाजूने बोललात तर मी मान हलवेन, पण ते सौजन्य म्हणून.

त्या तळघरात कासिमिरो बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. फाबिओलाने आवाज शेवटपर्यंत वाढवला होता. मी फक्त तिचं तोंड पाहत होतो.

काल संध्याकाळी ती येताना गरम रताळी घेऊन आली. कुठून आणलीस विचारलं, तर म्हणाली, दारातून. गाडी रोज येते.

एव्हारिस्तो